मुंग्या आधीपासूनच होत्या

विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’ ही छोटी कन्नड कादंबरी २०१३ साली आली. श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादानं ती जगभर पोचली. शानभाग मूळचे अंकोल्याचे, म्हणजे उत्तर कन्नडचेच. त्यामुळे त्याच जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात ही कादंबरी कशी वाचावी, हा प्रश्न घरचा आहे.

तिचा सर्रास लावला जाणारा अर्थ असा: बंगळूरमधलं एक गरीब, एकोप्यानं राहणारं कुटुंब; धाकट्या काकांचा ‘सोना मसाला’ चालला, पैसा आला आणि माणसं बिघडली. निवेदकाचा सूरही तोच आहे. पण त्याचा शब्द प्रमाण का मानायचा? तो कंपनीचा नावापुरता संचालक, काम न करता पगार घेणारा, दिवसचे दिवस कॉफी हाउसमध्ये घालवणारा. दोष पैशावर टाकला की त्याची सुटका होते.

माणसं पैशाआधीच तशी होती, याचा पुरावा जुन्या घरातच आहे. तिथे मुंग्यांचा सुळसुळाट होता आणि निवेदकाची आई व बहीण मालती त्यांना चेचून मारण्यात रमत. तेव्हा श्रीमंतीचा पत्ताही नव्हता. पुढे काकांना शोधत एक बाई दारात येते आणि याच बायका तिला शिव्या देऊन हाकलतात. गरिबीत ज्या एकीनं घर तगलं, तीच एकी बाहेरच्या माणसावर उलटते. त्यावर सवाल करते फक्त अनिता, सून म्हणून आलेली. शिवाय ज्या पैशावर धंदा उभा राहिला त्यात निवेदकाच्या वडिलांना, अप्पांना, नोकरी सुटताना मिळालेली रक्कम होती. एकरकमी पैसा हातात आला म्हणून तो उधळला गेला नाही. त्याला लावायला काम होतं.

हा मुद्दा जोयड्यात फार मोलाचा आहे, कारण इथे विस्थापन नवं नाही.

काळी नदीवर सुपा धरण झालं आणि सुपा गाव पाण्याखाली गेलं. तालुक्याचं ठाणं जोयड्याला हलवावं लागलं. आता काळी व्याघ्र प्रकल्पातल्या स्वेच्छा पुनर्वसनाचा प्रश्न आहे. केंद्राच्या योजनेत २००८ पासून जंगलाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला १० लाख रुपये होते, २०२१ मध्ये ते १५ लाख झाले. त्यातल्या एका पर्यायात सगळी भरपाई पैशातच मिळते, वसवण्याची जबाबदारी सरकार घेत नाही. अशी रक्कम संपली की बाहेरचा माणूस लगेच म्हणतो, ‘यांना पैसा पचला नाही.’

हे म्हणणं कादंबरीच्या ढोबळ वाचनाइतकंच खोटं आहे. जोयड्यातल्या कुणब्याची मिळकत नोटांत मोजता येत नाही. भात, रानातले कंद, जळण, गुरांना चारा, अडीअडचणीला धावणारा शेजार, या सगळ्यावर त्याचं घर चालतं. ते सारं काढून घ्यायचं, हातात रक्कम ठेवायची आणि रक्कम सरली की माणसाच्या स्वभावाला बोल लावायचा, हा अन्याय आहे. सोना मसाल्याच्या घराला शहर होतं, बाजार होता, धंदा जाणणारा काका होता. रान सोडून नव्या जागी गेलेल्याकडे यातलं काय असतं?

जोयड्यातल्या वाचनालयांनी आणि शिक्षकांनी ही कादंबरी मुलांच्या हाती जरूर द्यावी. मात्र ‘पैसा वाईट’ एवढं शिकवून थांबू नये. भरपाई घेतलेल्या घराला जमीन मिळाली का, पाणी मिळालं का, हाताला काम मिळालं का, हे त्यांना आधी विचारायला लावावं.