सहीपुरता प्रश्न

ख्रिस्ती माणूस येशूने शिकवलेली जी प्रार्थना नित्य म्हणतो, तिच्यात मोहापासून राखण्याची एक विनवणी आहे. मराठी बायबलने त्या ठिकाणी ‘परीक्षा’ हा शब्द योजला आहे. मूळ ग्रीक शब्दाला मोह आणि कसोटी असे दोन्ही अर्थ असल्यामुळे ही योजना चुकीची तर नाहीच, उलट मोठी मार्मिक आहे. मोह म्हटला की सामान्यतः मद्य, मदिराक्षी आणि पैशाची थैली एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते. असा मोह टाळणे कठीण असेल, पण ओळखणे कठीण नसते. श्रद्धावंताची खरी परीक्षा होते ती मोह जेव्हा कर्तव्याचा वेष घेऊन, सज्जनांच्या तोंडून, वडीलकीच्या स्वरात बोलू लागतो तेव्हा. अरण्यात येशूपुढे आलेला सैतानही भाकरीपासून सुरुवात करतो आणि दुसऱ्याच पावलाला शास्त्रवचनाचा आधार देतो, हे विसरून चालणार नाही.

ऑस्ट्रियातील फ्रान्झ येगरश्टेटर या शेतकऱ्याची हकीगत या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. त्याचा जन्म १९०७ सालचा, गाव सांक्ट राडेगुंड. हिटलरचे जन्मगाव ब्राउनाउ याच भागातले. तरुणपणी फ्रान्झ काही संतप्रवृत्तीचा नव्हता. गावात पहिली मोटारसायकल त्याने आणली, आणि विवाहापूर्वी त्याला एक मुलगीही झाली होती. १९३६ साली फ्रान्झिस्का या धर्मनिष्ठ तरुणीशी त्याचे लग्न झाले. नवदांपत्य रोमची यात्रा करून आले. पुढे तीन मुली झाल्या. शेती, घर आणि देऊळ असा नेमस्त संसार सुरू झाला.

मार्च १९३८ मध्ये जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि एप्रिलमध्ये विलीनीकरणावर सार्वमत घेण्यात आले. साऱ्या गावात विरोधी मत दिले ते एकट्या फ्रान्झने. गावचा निकाल मात्र शंभर टक्के अनुकूल म्हणूनच कळवण्यात आला. (एकमताच्या आकड्यांची घडण कशी होते, याचा हा बोलका नमुना होय.) त्यापूर्वी काही महिने त्याला एक स्वप्न पडले होते. एक देखणी आगगाडी डोंगराला वळसा घालून येते, लहानथोर सारे तिच्यात चढण्यासाठी धावतात, आणि ही गाडी नरकाकडे जाते असा आवाज येतो. त्या गाडीचा अर्थ त्याने नाझी राजवट असा लावला.

त्यानंतरच्या चार-पाच वर्षांकडे चरित्रकारांचे जेवढे लक्ष जाते, त्याहून अधिक जावयास हवे. गावचा प्रमुख होण्याची सूचना आली, ती त्याने नाकारली. सरकारकडून मिळणारा कुटुंबभत्ता त्याने घेतला नाही. गारपिटीने पीक गेले तेव्हा नुकसानभरपाईदेखील घेतली नाही. कारकुनी हिशेबाने पाहिले तर यात निव्वळ तोटा होता. भत्ता घेतल्याने कोणाचा जीव जात नव्हता, भरपाई तर हक्काचीच होती. पण उपकाराखाली दबलेला माणूस मोठ्या प्रसंगी ‘नाही’ म्हणू शकत नाही, आणि छोट्या नकाराची सवय नसलेल्या जिभेला मोठा नकार उच्चारता येत नाही, हे त्या अल्पशिक्षित शेतकऱ्याला उमगले असावे. निष्ठा एखाद्या दिवशी एकाएकी उसळून येत नाही. तिचा साठा पै-पैने करावा लागतो.

तरीही त्याला अथपासून अढळ ठरवणे बरोबर होणार नाही. १९४० साली सैन्यात बोलावणे आले तेव्हा तो गेला, शपथही घेतली, आणि १९४१ च्या एप्रिलपर्यंत काही महिने त्याने लष्करी शिक्षणही घेतले. गावप्रमुखाच्या खटपटीने शेतकरी म्हणून त्याची सुटका झाली. परतल्यावर मात्र पुन्हा बोलावणे आले तर जायचे नाही, असा निश्चय त्याने केला. गावच्या चर्चची सेवा पत्करली, बायबल आणि संतचरित्रे वाचली, नेमाने उपासना केली. आणि जे पटले ते तपासून पाहण्यासाठी तो वडीलधाऱ्यांकडे गेला.

येथेच परीक्षा सुरू झाली. धर्मगुरूंनी त्याचा जीव वाचावा म्हणून त्याचे मन वळवण्याचा प्रयत्न केला. लिंत्सचे बिशप योसेफ फ्लीसर यांनी सांगितले की युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवण्याची जबाबदारी सामान्य नागरिकाची नव्हे. त्याची जबाबदारी बायकोमुलांची. या सल्ल्यामागे दुष्ट हेतू होता असे म्हणता येणार नाही. काळच असा होता की समोरचा माणूस पोलिसांचा हेर नसेल याची खात्री बिशपलाही नव्हती; ते मोकळेपणाने बोलायला धजत नसावेत, असे फ्रान्झनेच पत्नीला सांगितले. पण परिणाम व्हायचा तो होतोच. ज्या चर्चने त्याला देवाशी एकनिष्ठ राहावयास शिकवले, त्याच चर्चच्या आवाजात त्याला तडजोड सुचवली जात होती.

शिवाय या तडजोडीच्या बाजूचा युक्तिवाद लेचापेचा नव्हता. लाखोंच्या सैन्यात एक शिपाई कमी झाला म्हणून युद्ध एका दिवसानेही आखूड होत नाही. म्हणजे नकाराचे फळ शून्य, आणि त्याची किंमत मात्र तीन लहान मुली, पत्नी आणि म्हातारी आई यांनी मोजायची. अर्थशास्त्राचा कोणताही विद्यार्थी हा हिशेब फळ्यावर मांडून सही करण्याच्या बाजूने निकाल देईल. अडचण एवढीच, की हा हिशेब त्या सैन्यातील प्रत्येकाला सारखाच लागू पडत होता. प्रत्येकाचा वाटा शून्य आणि शून्यांची बेरीज मात्र एक महायुद्ध, असे हे विलक्षण गणित. परंतु फ्रान्झचे उत्तर याही पलीकडचे होते. आपल्या नकाराने काय साधेल हा प्रश्न त्याने मुळी विचारलाच नाही. शपथ कोणाच्या नावाने घ्यायची, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे होता. आणि कुटुंब आहे म्हणून देवाचा अपराध करण्याची मुभा मिळत नाही, अशी त्याची धारणा होती.

१ मार्च १९४३ रोजी तो एन्स येथील तळावर हजर झाला आणि लढणार नसल्याचे त्याने सांगितले. जखमींच्या शुश्रूषेचे काम करण्याची तयारी दाखवली, तिची दखल घेतली गेली नाही. प्रथम लिंत्स, मग बर्लिन असा तुरुंगवास झाला. लाखो कॅथलिक लढत आहेत, कोणत्याही बिशपने मना केलेले नाही, मग तुम्हीच का, असे बचावाच्या वकिलानेही विचारले. जुलैमध्ये लष्करी न्यायालयाने मृत्युदंड सुनावला. ९ ऑगस्ट १९४३ रोजी, म्हणजे मुंबईत ‘चले जाव’ची ठिणगी पडून बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. शेवटच्या भेटीस आलेल्या धर्मगुरूला त्याच्या टेबलावर एक कागद दिसला. त्यावर सही केली असती तर प्राण वाचले असते. कागद कोराच राहिला.

या कथेची नैतिक बाजू इतकी स्वच्छ नाही, हेही सांगितले पाहिजे. नकार त्याचा होता. वैधव्य फ्रान्झिस्काच्या वाट्याला आले. सुरुवातीस तिनेही त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला होता. सारेच विरुद्ध आहेत हे दिसल्यावर ती त्याच्या बाजूने उभी राहिली. तिची ती निष्ठा मोजण्यास कोणते माप लावावे? पतीला एकदा मरावे लागले, तिला त्याच गावात, ज्यांचे पुत्र आणि भाऊ रणांगणावर पडले अशा शेजाऱ्यांमध्ये, राहायचे होते. त्यांना फ्रान्झचा नकार हा आपल्या मृतांवरचा आरोप वाटला. ते वाटणे अन्यायाचे असेल, पण न समजण्यासारखे नाही.

युद्ध संपले तरी विधवा म्हणून मिळणारे निवृत्तिवेतन तिला १९५० पर्यंत नाकारण्यात आले. त्याची हकीगत धर्मप्रांताच्या पत्रात छापण्यास बिशप फ्लीसर यांनी मनाई केली. १९६४ मध्ये गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचे पुस्तक निघाले, तेव्हा जगाला त्याचे नाव कळले. बर्लिनच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द ठरवली १९९७ साली, आणि ऑक्टोबर २००७ मध्ये लिंत्सच्या कॅथेड्रलमध्ये चर्चने त्याला ‘धन्य’ घोषित केले. चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का त्या सोहळ्यास उपस्थित होती. २०१३ च्या मार्चमध्ये, वयाची शंभर वर्षे पूर्ण झाल्यावर काही दिवसांनी, तिचे निधन झाले.