एक कंठ, दोन मुखें

मोटारसायकलीच्या नळ्यांविषयीं या पानांत लिहिलेलें पाहून कांहीं वाचकांच्या भुंवया वर चढतील. परंतु ज्या घरांत बावीस-पंचवीस वर्षांचा मुलगा आहे, त्या घरांत हा विषय आतां ओटीवरून ताटापर्यंत येऊन पोंचला आहे; तेव्हां त्याची थोडी शहानिशा केलेली बरी.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यापाशीं रॉयल एनफील्डची थंडरबर्ड आहे. ही क्रूझर जातीची, म्हणजे ऐसपैस बैठकीची व सावकाश दूर जाण्याची गाडी २००२ सालीं बाजारांत आली आणि २०२० सालीं तिचा जमाना संपला. याची गाडी पहिल्या काळांतली, वीस वर्षांवरची. मूळचा सायलेन्सर गंजला, त्या निमित्तानें उजवीकडे एक आणि डावीकडे एक असे बाजारांतले दोन सायलेन्सर बसवावे असें त्याच्या मनानें घेतलें. "गुरुजी, दोन नळ्या झाल्या कीं इंजिन मोकळा श्वास टाकील आणि ताकद वाढेल," असें त्याचें म्हणणें.

आम्ही पडलों संस्कृताचे मास्तर. पण न्यायशास्त्राचें जें थोडेंबहुत अध्ययन घडलें, त्यामुळें प्रत्येक प्रतिज्ञेला हेतु विचारण्याची खोड लागली. डोंगरावर धूर दिसला कीं तेथें अग्नि असावा, हें अनुमान शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. येथें मात्र दोन धूर दाखवून दोन अग्नींचा भास उत्पन्न करावयाचा आहे. याला आमच्या शास्त्रांत हेत्वाभास म्हणतात.

कारण दोन नळ्या जेथें शोभतात तेथें त्यांना आधार असतो. अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसन गाड्यांत ४५ अंशांच्या कोनांत बसविलेले दोन सिलिंडर असतात. ते ३१५ व ४०५ अंशांच्या विषम अंतरानें पेटतात, म्हणून त्यांचा तो लंगडता ताल. दोन सिलिंडरांना दोन नळ्या, हें सरळच आहे. आमच्या पिढीला मैसूरची येझदी आठवत असेल. तिचा सिलिंडर एकच, पण त्याला धूर बाहेर पडण्याचीं द्वारें दोन, म्हणून दोन नळ्या. हा कारखाना १९९६ सालीं बंद पडला. थंडरबर्डला मात्र सिलिंडर एक आणि द्वारहि एकच. पिस्टनाचा व्यास ७० मिलिमीटर, धांव ९०, मिळून ३४६ घन सेंटिमीटर. तेव्हां एकाच नळीला खालीं फांटा फोडून दोन तोंडें करावयाचीं, एवढाच काय तो चमत्कार!

ताकदीचें पाहूं. मिनिटाला ३,००० फेरे घेणारें हें इंजिन दर दोन फेऱ्यांस एकदां, म्हणजे सेकंदाला २५ वेळां धूर सोडतें. प्रत्येक लोट वेगानें नळींतून जातांना मागें किंचित् पोकळी सोडतो आणि ती पोकळी सिलिंडरांत उरलेला धूर ओढून घेते. पुष्कळ मिस्त्री म्हणतात कीं इंजिनाला मागचा दाब हवाच असतो. हें बरोबर नव्हे. हवा असतो तो लोटाचा वेग. तेवढ्याच जाडीच्या दोन नळ्या केल्या कीं मार्ग दुप्पट होतो व वेग निम्म्यावर येतो. वेग राखावयाचा तर, ३८ मिलिमीटर व्यासाची एक नळी धरल्यास, दोन नळ्या सुमारें २७ मिलिमीटरांच्या हव्या. बाजारांतला जोड घेतांना हा हिशेब कोणी करतो काय? परिणामीं सावकाश चढ चढण्याचा या गाडीचा खरा गुण असतो तोच उणावतो.

शिवाय आंतील जाळी काढलेला सायलेन्सर असेल तर कार्ब्युरेटरचें गणित बिघडतें. पेट्रोल कमी व हवा जास्त होते. इंजिन तापतें, नळी निळी पडते, थ्रॉटल सोडतांच फटाके वाजूं लागतात. मोठा जेट घालून हें सुधारतां येतें. प्लगचा रंग पाहावा: फिकट पांढरा असेल तर पेट्रोल कमी, काजळी धरली असेल तर अधिक, मातकट तपकिरी असेल तर बेताचें.

हें सर्व त्याला पटलें असें आम्ही म्हणत नाहीं. तरुणांना गणित पटतें, पण आवडत नाहीं. आम्हीं त्याला एवढेंच विचारलें कीं, "अरे, तुझी आई मागें बसते ती कोणत्या अंगाला पाय सोडून?" साडीची जाळी डाव्या बाजूस, पाय डाव्या बाजूस, आणि याची नवी तापलेली नळी जाणार तीहि डाव्याच बाजूनें, साखळीच्या व स्टँडच्या शेजारून! यावर तो गप्प झाला.

कायद्याचीहि गोष्ट आहे. मूळ रचनेंत मनास येईल तो बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाजाची मर्यादा मोडल्यास दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो व परवानाहि तीन महिने जाऊं शकतो. १७५ घन सेंटिमीटरांवरील दुचाकीस कारखान्यांतील कसोटीच्या वेळीं ८० डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. डेसिबलचें माप फसवें आहे. ८० चे ९० झाले म्हणजे ध्वनीची शक्ति दहापट झाली. ज्या वस्तूचें नांवच सायलेन्सर, तिनें रात्रीं अकरा वाजतां दुखणाइताला दचकवावें, हें म्हणजे नांव सोनुबाई आणि हातीं कथलाचा वाळा.

ज्यांचा जुना सायलेन्सर खरोखर गेला असेल त्यांनीं मूळ धर्तीचाच आणावा. आमच्या गांवच्या एका वृद्ध मिस्त्रीनें सांगितलेली रीत अशी. इंजिन पुरतें निवूं द्यावें. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीं तेल सोडावें. घाईनें पिळल्यास स्टड ॲल्युमिनियमच्या हेडांत मोडतो आणि दहा रुपयांच्या कामाला हजार लागतात. गॅस्केट नवें घालावें. जुनें पुन्हां दाबून बसविलें कीं तेथून हवा शिरते. प्रथम सर्व नट सैल लावून नळी आपोआप जागेवर बसूं द्यावी, मग हेडापासून मागें कसत यावें. ओढून ताणून बसविलेली नळी धक्क्यांनीं वेल्डापाशीं चिरते. गाडी सुरू करण्यापूर्वीं क्रोमवरचे बोटांचे ठसे कापडानें पुसावे, नाहींतर ते उष्णतेनें भाजून कायमचे राहतात. आणि पहिल्या फेरीनंतर इंजिन निवलें म्हणजे नट पुन्हां एकदां तपासावे.