अवलोकनार्थ सादर, नोंद घेतली

नॅकच्या, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व मान्यता परिषदेच्या, पुनर्मूल्यांकनाचं वर्ष उजाडलं की विद्यापीठात सगळ्यात केविलवाणा माणूस असतो आयक्यूएसीचा, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा, समन्वयक. विभागाविभागांत फिरून फाइली मागायच्या, प्रमाणपत्रं स्कॅन करायची, पाहणीला येणाऱ्या पीअर टीमच्या गाडीपासून जेवणापर्यंत सगळं बघायचं. व्यवस्थापन परिषद या धावपळीत दिसत नाही. खर्चाला मंजुरी दिली की आपलं काम संपलं, बाकी कुलगुरू बघतील, अशी तिथली सर्वसाधारण समजूत.

ही समजूत वरवर समंजस वाटते. नेमणुकांपासून कँटीनच्या कंत्राटापर्यंत नाक खुपसणारे सदस्य महाराष्ट्राने पाहिलेत. त्यांनी लांबच राहिलेलं बरं, असं कुणालाही वाटेल. शिवाय आकड्यांचा आधारही दिला जातो. नॅकच्या 2017 च्या चौकटीत विद्यापीठासाठीच्या 1000 गुणांपैकी प्रशासन-नेतृत्वाच्या निकषाला अवघे 100.

पण संशोधनाचे 250 गुण आकाशातून पडत नाहीत. प्रयोगशाळा, ग्रंथालय, शिक्षकांचं प्रशिक्षण या सगळ्याची वाट अर्थसंकल्पातून जाते, आणि अर्थसंकल्प व्यवस्थापन परिषदेपुढे येतो. रिक्त पदांचं दुखणं सरकारच्या हातात आहे, हे मान्य. त्याचा पाठपुरावा कुणी करायचा, हा प्रश्न तरीही उरतोच.

अशा परिषदेच्या किंवा मंडळाच्या वागण्यावर मान्यता किती अवलंबून असते, हे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाला 2012 मध्ये कळलं. नियामक मंडळाच्या प्रमुख हेलन ड्रेगस आणि उपप्रमुखांनी अध्यक्ष टेरेसा सुलिव्हन यांना राजीनामा द्यायला लावला. पूर्ण मंडळाची बैठक नाही, मतदान नाही; सदस्यांशी बोलणी झाली ती परस्पर, सुटी सुटी. 10 जूनला बातमी फुटली आणि प्राध्यापक, विद्यार्थी, माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पुढे ईमेल उघड झाले, तेव्हा ऑनलाइन शिक्षणावरचे वृत्तपत्री लेख मंडळाचे धुरीण एकमेकांना कसे पाठवत होते, तेही दिसलं. 26 जूनला त्याच मंडळाने सुलिव्हन यांना एकमताने परत आणलं. एवढ्यावर भागलं नाही. डिसेंबरमध्ये दक्षिणेकडच्या मान्यता आयोगाने विद्यापीठाला वर्षभराची ताकीद दिली. शिकवण्यात खोट नव्हती, तिजोरीतही नव्हती. मूठभर सदस्यांनी मंडळ चालवलं का आणि कारभारात प्राध्यापकांना काही स्थान आहे का, हे आयोगाचे आक्षेप होते. ताकीद उठायला डिसेंबर 2013 उजाडला.

यावरून मंडळाने आणखी लांब राहावं, असं कुणी म्हणेल. चुकेल. व्हर्जिनियात दोघांनी अति लक्ष घातलं, कारण बाकीच्यांनी एकत्र बसून काही विचारलंच नव्हतं. लुडबूड आणि उदासीनता एकाच घरात सुखाने नांदतात: विषय पूर्ण मंडळाच्या टेबलावर येतच नाही.

तो यावा म्हणून नॅकने सोय केलेली आहे. वार्षिक गुणवत्ता हमी अहवालाच्या नमुन्यात विचारलेलं असतं: हा अहवाल वैधानिक मंडळापुढे ठेवला होता का? मंडळाचं नाव आणि बैठकीची तारीख? रकाना बहुधा भरलेला असतो. कसा, तेही माहितगारांना ठाऊक आहे. चहा येऊन गेल्यावर, आयत्या वेळच्या विषयांत, 'अवलोकनार्थ सादर, नोंद घेतली'. तिथे दोनच प्रश्न हवेत. गेल्या वर्षी ठरवलेल्यापैकी काय झालं नाही? आणि ते पैशाअभावी राहिलं की माणसांअभावी? उत्तरं इतिवृत्तात उतरली आणि पुढच्या बैठकीत कार्यवाही अहवाल आला, तर शेवटच्या वर्षी समन्वयकाला पुरावे शोधत हिंडावं लागणार नाही. 2017 च्या चौकटीत सुमारे 70 टक्के मूल्यांकन आधीच भरलेल्या माहितीवर होत असल्याने ऐन वेळच्या रंगरंगोटीला तसाही फारसा भाव नाही.

शेवटचा आक्षेप मात्र झोंबणारा आहे: श्रेणी विकतच मिळत असेल, तर मंडळाने डोकं कशाला शिणवायचं? फेब्रुवारी 2025 मध्ये सीबीआयने आंध्रातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या प्रकरणात पदाधिकाऱ्यांना आणि नॅकच्या पाहणी समितीतल्या सदस्यांना अटक केली. रोख रक्कम, सोनं, लॅपटॉप देऊन वरची श्रेणी मिळवण्याचा प्रयत्न झाला, असा आरोप आहे. खरंखोटं न्यायालय ठरवेल. पण नॅकवरच्या खर्चाला मंजुरी देणारं मंडळच 'हे पैसे नेमके कशावर गेले?' असं विचारू शकतं. पावत्या आणि लेखापरीक्षकांचे शेरे मागवण्याचा अधिकार समन्वयकाला नसतो, मंडळाला असतो. तो वापरायला पीअर टीमच्या तारखेची वाट पाहावी लागत नाही.