वरच्या धरणाचा वाटा किती?

माझं आजोळ वैशाखरे, माळशेज घाटाच्या पायथ्याशी. पावसाळ्यात घाटात इतकं पाणी कोसळतं की मुंबईकर गाड्या थांबवून फोटो काढतात. एप्रिलमध्ये तेच ओढे कोरडे आणि मामी हंडा घेऊन विहिरीवर! म्हणूनच थर्ड इयरच्या व्हिजिटला ऐन उन्हाळ्यात कोळकेवाडीची टर्बाइन्स फिरताना पाहिली, तेव्हा पहिला प्रश्न पडला, हे पाणी येतं कुठून?

कोळकेवाडीचं धरण तसं लहान, सव्वा टीएमसीच्या आसपास. खरी साठवण घाटावर, कोयनेच्या शिवसागरात, १०५ टीएमसी. तिथलं पाणी आधी पोफळीला वीज करतं, मग कोळकेवाडीत येतं आणि तिसऱ्या टप्प्याची ३२० मेगावॅटची यंत्रं फिरवून वाशिष्ठीला मिळतं. हा टप्पा १९७०च्या दशकात आला, पण त्यासाठी दुसरा शिवसागर बांधावा लागला नाही. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवायचं काम वरच्या धरणाने आधीच करून ठेवलं होतं!

आम्हाला पेपरात हेड आणि डिस्चार्ज 'दिलेला' असतो. सूत्रात घातला की मेगावॅट तयार. पण तो डिस्चार्ज द्यायला कोणाची तरी शेतं, देवळं पाण्याखाली गेलेली असतात. कोयनेचे लोक तर सोलापूर, रायगड, आपल्या ठाणे जिल्ह्यापर्यंत पांगले. 'धरणग्रस्त' हा शब्द आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना कोणी शिकवलाच नाही, मला तो मामाकडून कळला. मुरबाडात काळू धरणाचा वाद झाला ना, तेव्हा. (ते धरण विजेसाठी नाही, पिण्याच्या पाण्यासाठी. बुडणाऱ्याला काय फरक पडतो म्हणा!)

कोणी म्हणेल, कोयनेचे सगळे टप्पे सरकारचेच, या खिशातून त्या खिशात, हिशेब कशाला? पण ज्यांचा खिसाच फाटला त्यांचं काय? कोलंबिया नदीवर असा हिशेब झालेला आहे. १९६४ साली लागू झालेल्या करारानुसार कॅनडाने वर तीन धरणं बांधायची आणि त्यामुळे खाली अमेरिकेच्या वीजघरांत होणाऱ्या जादा विजेचा निम्मा वाटा कॅनडाला, असं ठरलं. म्हणजे जादा वीज मोजता येते! तिथेही लाभ आधी सरकारकडेच गेला. खोऱ्यातल्या लोकांनी आवाज उठवला तेव्हा कुठे १९९५ साली त्यांच्यासाठी वेगळा ट्रस्ट निघाला.

आपल्याकडेही खालच्या प्रकल्पाला मंजुरी देताना वरच्या धरणामुळे किती युनिट वाढले ते मोजावं आणि युनिटमागे काही पैसे बुडालेल्या गावांच्या नावे जमा करावेत, असं माझं मत आहे. जमिनीचा मोबदला मिळतो तो त्या दिवसाच्या भावाने, एकदाच. टर्बाइन मात्र पन्नास वर्षं फिरतं.

मामाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तोंडी नको, लिहून दे."