'स्नायडर कट' खरंच फॅन्समुळे आला का? सुपरहिरो सिनेमांत चाहत्यांचं मत कोण आणि कसं मोजतं?

सप्टेंबर 1988 मध्ये अमेरिकेतल्या बॅटमॅनच्या वाचकांना एक विचित्र अधिकार मिळाला होता. कॉमिकच्या 427व्या अंकाच्या शेवटी जोकरने लावलेला बॉम्ब फुटतो आणि त्यात बॅटमॅनचा तरुण साथीदार रॉबिन, म्हणजेच जेसन टॉड, सापडतो. तो जगणार की मरणार, हे लेखक सांगत नाही. ते ठरवायचं होतं वाचकांनी.

अंकात दोन फोन नंबर छापले होते. एक रॉबिनला वाचवण्यासाठी, दुसरा त्याला मारण्यासाठी. एका कॉलला 50 सेंट आणि मुदत 36 तास. मतमोजणी झाली तेव्हा 'जगावा' म्हणणारे कॉल होते 5,271 आणि 'मरावा' म्हणणारे 5,343. फरक अवघा 72 मतांचा. पुढच्या अंकात बॅटमॅन जेसनचा मृतदेह हातांवर घेऊन उभा असलेला दिसला.

बॅटमॅनचे तेव्हाचे संपादक डेनिस ओ'नील यांनी नंतर एक किस्सा सांगितला. त्यांच्या कानावर असं आलं होतं की, एकाच माणसाने आपल्या कॉम्प्युटरला दर 90 सेकंदांनी 'मरावा'चा नंबर लावायला शिकवलं आणि हे आठ तास चालू ठेवलं. ही ऐकीव गोष्ट आहे. पण गणित करून पाहिलं तर आठ तासांत असे 320 कॉल होतात आणि निकाल लागला होता 72 कॉलनी.

सोशल मीडिया यायच्या कितीतरी आधीची ही घटना आहे. पण आज कोणत्याही सुपरहिरो सिनेमाबद्दल 'फॅन्सना हे नकोय' किंवा 'फॅन्सची मागणी आहे' असं म्हटलं जातं, तेव्हा तेच प्रश्न पुन्हा उभे राहतात. फॅन्स म्हणजे नेमके किती लोक? त्यांचं मत मोजलं कसं? आणि ते ऐकून फायदा कोणाचा झाला?

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे 'स्नायडर कट'.

'स्नायडर कट' प्रकरण काय होतं?

'जस्टिस लीग' या सिनेमाचं दिग्दर्शन झॅक स्नायडर करत होते. मुलीच्या निधनानंतर मे 2017 मध्ये ते या कामातून बाजूला झाले. उरलेलं काम जॉस व्हीडन यांनी पूर्ण केलं. बरेच प्रसंग नव्याने चित्रित झाले, विनोद वाढला आणि लांबी दोन तासांवर आली. नोव्हेंबर 2017 मध्ये सिनेमा आला आणि अनेक फॅन्सची घोर निराशा झाली.

त्याच महिन्यात ऑनलाइन याचिका सुरू झाली आणि 'रिलीज द स्नायडर कट' हा हॅशटॅग फिरू लागला. स्नायडर यांच्या मनातला सिनेमा आम्हाला दाखवा, ही मागणी होती. अडीच वर्षं ती थांबली नाही. 2019 मध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक कॉनच्या वेळी फॅन्सनी आकाशात बॅनर लावलेलं विमान फिरवलं, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर जाहिरात लावली. सिनेमाला दोन वर्षं झाली त्या दिवशी बेन ॲफ्लेक आणि गॅल गॅडो या कलाकारांनीही हा हॅशटॅग वापरला.

अखेर 20 मे 2020 रोजी घोषणा झाली आणि 18 मार्च 2021 रोजी चार तास दोन मिनिटांचा सिनेमा आला. तो पूर्ण करायला सुमारे 7 कोटी डॉलर जास्तीचे लागल्याच्या बातम्या तेव्हा आल्या.

या मोहिमेची एक बाजू हमखास विसरली जाते. याच फॅन्सनी आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेसाठी लाखो डॉलर गोळा केले. त्यामुळे हे सगळे नुसते शिव्या घालणारे ट्रोल होते, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल.

मग स्टुडिओ फॅन्सपुढे झुकला का?

वरवर पाहता हो. पण तारखा बघितल्या तर चित्र थोडं वेगळं दिसतं.

घोषणा झाली 20 मे 2020 ला. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, 27 मे रोजी वॉर्नर कंपनीची नवी स्ट्रीमिंग सेवा 'एचबीओ मॅक्स' सुरू झाली. कोरोनामुळे थिएटर बंद होती, नव्या सिनेमांचं शूटिंग ठप्प होतं आणि नव्या सेवेला वर्गणीदार हवे होते. अशा वेळी हातात एक असा सिनेमा होता, ज्याचं बहुतेक शूटिंग आधीच झालेलं होतं आणि ज्याची जाहिरात लोक अडीच वर्षं फुकट करत होते.

याच्या उलट घडलं 'बॅटगर्ल'चं. ऑगस्ट 2022 मध्ये वॉर्नरने हा सिनेमा कुठेच प्रदर्शित न करण्याचा निर्णय घेतला. चित्रीकरण पूर्ण झालं होतं आणि जवळपास 9 कोटी डॉलर खर्च झाल्याचं सांगितलं जात होतं. हा सिनेमा दाखवा, अशी मागणी सोशल मीडियावर तेव्हाही झाली. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये कंपनीचं विलीनीकरण होऊन नवं व्यवस्थापन आलं होतं आणि त्याला खर्च कमी करायचा होता. 'बॅटगर्ल' आजही डब्यात आहे.

कंपनीचा धंदा तोच, फॅन्सचं हत्यारही तेच. 2020 मध्ये मागणी आणि कंपनीची गरज एका रेषेत आली. 2022 मध्ये आली नाही.

स्नायडर यांच्या फॅन्सनाही हे लगेच कळलं. त्यांची पुढची मागणी होती, स्नायडर यांनी योजलेले पुढचे सिनेमेही बनवा. ती मान्य झाली नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये हेन्री कॅविल सुपरमॅन म्हणून परतत असल्याचं जाहीर झालं, फॅन्सनी जल्लोष केला आणि दोनच महिन्यांत तो बेत रद्द झाला. डीसीच्या सिनेमांची सूत्रं जेम्स गन आणि पीटर सॅफ्रन यांच्याकडे गेली होती. जुलै 2025 मध्ये नवा 'सुपरमॅन' आला तो डेव्हिड कोरेनस्वेट यांना घेऊन.

हॅशटॅगमागे किती माणसं होती?

जुलै 2022 मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाने एक बातमी दिली. वॉर्नरने स्वतःच करून घेतलेल्या पाहणीत असं आढळलं होतं की, स्नायडर कटबद्दलच्या चर्चेत भाग घेणाऱ्या खात्यांपैकी किमान 13 टक्के खाती बनावट होती. एरवी अशा चर्चांमध्ये हे प्रमाण 3 ते 5 टक्क्यांच्या आसपास असतं, असं तज्ज्ञांचं म्हणणं होतं.

या आकड्यावरून लगेच दोन तट पडले. एक गट म्हणाला, सगळी मोहीमच खोटी होती. दुसरा म्हणाला, ही बदनामी आहे. आकडा नीट वाचला तर दोन्ही म्हणणी टिकत नाहीत. 13 टक्के बनावट असतील, तर बाकीच्यांना बनावट ठरवता येत नाही, म्हणजे मागणी खरी होती. पण ती होती त्यापेक्षा मोठी दिसत होती, हेही तितकंच खरं. ट्रेंडिंगची यादी माणसं मोजत नाही, पोस्ट मोजते.

2022 च्या ऑस्कर सोहळ्यातही हेच दिसलं. प्रेक्षकांना ट्विटरवर आवडता सिनेमा आणि टाळ्या घेणारा प्रसंग निवडायची संधी होती. एका व्यक्तीला दिवसातून 20 वेळा मत देता येत होतं. आवडता सिनेमा ठरला स्नायडर यांचा 'आर्मी ऑफ द डेड' आणि सर्वोत्तम प्रसंग ठरला त्यांच्याच 'जस्टिस लीग'मधला. ज्या मतदानात एक माणूस वीस वेळा मत देऊ शकतो, तिथे किती जणांना आवडलं यापेक्षा किती जोरात आवडलं हे जिंकतं. 1988 च्या फोन मतदानात आणि यात तत्त्वाचा फरक काहीच नाही.

सिनेमा न बघता दिलेलं मत

चाहत्यांची बरीच मतं सिनेमा येण्याआधीच तयार होतात, ही आणखी एक अडचण.

1988 मध्ये मायकल कीटन बॅटमॅन होणार हे कळलं तेव्हा फॅन्स खवळले. कीटन यांची ओळख विनोदी भूमिकांसाठी होती. निषेधाची सुमारे 50 हजार पत्रं वॉर्नरकडे गेल्याचं सांगितलं जातं. 1989 मध्ये सिनेमा आला आणि जगभरात 40 कोटी डॉलरहून जास्त कमाई केली. 2023 च्या 'द फ्लॅश'मध्ये कीटन बॅटमॅन म्हणून परतले, तेव्हा तेच त्या सिनेमाचं मोठं आकर्षण होतं.

2006 मध्ये हीथ लेजर जोकर होणार म्हटल्यावरही नाकं मुरडली गेली. 2009 मध्ये त्याच भूमिकेसाठी त्यांना मरणोत्तर ऑस्कर मिळालं.

2019 च्या 'कॅप्टन मार्व्हल'च्या वेळी हा प्रकार अधिक कडवट झाला. सिनेसमीक्षकांमध्ये गोऱ्या पुरुषांचाच भरणा असल्याबद्दल अभिनेत्री ब्री लार्सन बोलल्या होत्या. त्याचा राग सिनेमावर निघाला. 'रॉटन टोमॅटोज' या वेबसाइटवर प्रेक्षकांना सिनेमा बघायची किती इच्छा आहे, याचा आकडा दिसायचा. तो सिनेमा येण्याआधीच खाली ओढला गेला. वेबसाइटने फेब्रुवारी 2019 मध्ये तो आकडा दाखवणंच बंद केलं आणि पुढे तिकीट काढल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांचं रेटिंग वेगळं दाखवायला सुरुवात केली.

सिनेमाने जगभरात सुमारे 113 कोटी डॉलर कमावले. याचा अर्थ तो सगळ्यांना आवडला असा नाही. सिनेमा खरोखर पाहून तो न आवडलेलेही अनेक जण होते. पण रेटिंगच्या त्या गोंधळात त्यांचं रास्त मतही 'ट्रोल' म्हणून बाजूला पडलं. अशा मोहिमांचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो प्रामाणिक टीकेला.

'कॉमिकमध्ये असं नव्हतं', पण कोणत्या कॉमिकमध्ये?

फॅन्सच्या वादातला हुकमी मुद्दा म्हणजे मूळ कॉमिकशी इमान. 2013 च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये सुपरमॅन झॉडची मान मोडतो. सुपरमॅन कधीच कोणाचा जीव घेत नाही, म्हणून अनेक चाहते संतापले. पण 1988 मध्ये जॉन बर्न यांच्या कॉमिकमध्ये सुपरमॅनने क्रिप्टोनाइट वापरून झॉडला मृत्युदंड दिलेला आहे.

बॅटमॅनचंही तसंच. तो कधीच मारत नाही, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. पण 1939 मधल्या त्याच्या पहिल्याच कथेत त्याच्या ठोशाने खलनायक ॲसिडच्या टाकीत पडतो आणि बॅटमॅनला त्याचं फारसं वाईटही वाटत नाही.

ही पात्रं आठ दशकांहून जुनी आहेत आणि शेकडो लेखक-चित्रकारांनी ती घडवली आहेत. त्यामुळे 'खरा सुपरमॅन' म्हणजे बहुतेक वेळा आपण लहानपणी भेटलो तो सुपरमॅन. हे प्रेम खोटं नाही, पण ते सगळ्या चाहत्यांच्या वतीने बोलू शकत नाही. त्यात अमेरिकेत मासिक कॉमिकचा अंक लाखभर खपला तरी मोठं यश मानतात, तर सिनेमाची तिकिटं कोटींमध्ये विकली जातात. सिनेमा पाहणाऱ्या बहुतेकांनी कॉमिक हातात धरलेलंच नसतं. तेही चाहतेच आहेत, फक्त ते पोस्ट करत नाहीत.

भारतातल्या फॅन्सचा आवाज कुठे पोहोचतो?

2021 मध्ये एचबीओ मॅक्स भारतात नव्हतं. त्यामुळे स्नायडर कट इथे 'बुक माय शो स्ट्रीम'सारख्या सेवांवर वेगळे पैसे देऊन पाहावा लागला. हॅशटॅग भारतातूनही चालवला गेला होता, पण ज्या वर्गणीदारांसाठी स्टुडिओचा खटाटोप होता, त्यांत भारतीय नव्हते.

जुलै 2025 मध्ये 'सुपरमॅन' भारतात आला तो सेन्सॉर बोर्डाने सुमारे 33 सेकंदांचं चुंबनदृश्य कापल्यानंतर. सोशल मीडियावर थट्टा झाली, संताप झाला. थिएटरमध्ये मात्र कापलेलाच सिनेमा चालला. तो राग ऐकून कोणाचाही फायदा होणार नव्हता.

मग मत मांडायचंच नाही का?

मांडायलाच हवं. स्नायडर कट आला नसता तर एका दिग्दर्शकाचं काम कायमचं अर्धवट राहिलं असतं आणि ते पूर्ण व्हावं असं वाटणारी माणसं खरी होती. पण पुढच्या वेळी टाइमलाइनवर 'फॅन्सचा निकाल' दिसला, तर शेअर करण्याआधी तीन गोष्टी तपासता येतील. यातल्या किती जणांनी सिनेमा पाहिला आहे? एका माणसाला किती वेळा मत देता येतं? आणि हा आवाज मोठा दिसण्यात कोणाचा फायदा आहे?

जेसन टॉडचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. 2005 मध्ये डीसीने त्याला 'रेड हूड' म्हणून जिवंत केलं आणि आज तो त्यांच्या लोकप्रिय पात्रांपैकी एक आहे. डिसेंबर 2023 मध्ये तर जुन्या 428व्या अंकाची अशी आवृत्ती निघाली, जिच्यात रॉबिन वाचतो. 1988 मध्ये 5,271 कॉल करून वाचकांनी जे मागितलं होतं, ते 35 वर्षांनी दुकानात विकायला आलं.