गृहचिंतन : प्रौढ स्वमग्नांचें शिक्षण

घरांत पंचविशीचा पुत्र एकच वाक्य पुनःपुन्हां उच्चारतो, पंक्तीचा गलबला सुरू होतांच माजघरांत जाऊन बसतो; आणि आप्तमंडळी सांगतात, ‘लग्न करून द्या, म्हणजे मार्गावर येईल.’ हा सल्ला घातक आहे. त्यांत परक्याच्या कन्येचा बळी जातो. आमच्या शिरपुरास अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनास दूरदूरचे लोक येतात. नवस अवश्य बोलावा, परंतु त्यासाठीं शिक्षण थांबवूं नये.

१९४३ सालीं अमेरिकेंत लिओ कॅनर यांनीं या अवस्थेचें वर्णन केलें तें अकरा मुलांवरून. पण मुलें मोठीं होतातच. (‘स्वमग्न’ हा शब्द मला रुचत नाहीं. मग्न म्हणजे बुडालेला. पुष्कळदां हे लोक बुडालेले नसून आपणच बहिरे असतों.)

प्रौढांस शिकवितां येतें काय? पिट्सबर्ग येथील शॉन ईक व त्यांचे सहकारी यांचा ५४ प्रौढांवरील प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. दीड वर्ष संगणकावर अवधान व स्मृति यांचा अभ्यास, आणि लहान मंडळींत बसून दुसऱ्याचा अभिप्राय ओळखण्याचा सराव, अशी ती पद्धति. अवधान व विचारवेग सुधारले. वेतनाचें काम मिळविणारेही अधिक निघाले. मात्र ज्या गटास केवळ व्यक्तिगत आधार व मनावरील ताण आवरण्याचें शिक्षण दिलें, तोही सामाजिक समजुतींत अखेरीस बराच जवळ आला. शिवाय हे सर्व बोलूं शकणारे होते, आणि ५४ ही संख्या लहानच. व्याधि नाहींशी झाली, असें कोणी म्हणत नाहीं.

अशी सोय गांवीं नसली तरी घर आहे. एकत्र कुटुंबांत आजोबा, काकू, थोरले बंधु असे पांच जण एकाच वेळीं पांच आज्ञा करतात; त्याचा गोंधळ उडतो आणि आपण त्यास हट्टी ठरवितों. एका वेळीं एकानेंच, एकच गोष्ट सांगावी. दिवसाचा क्रम फळ्यावर लिहावा. पाहुणे येणार असल्यास तेंही आदल्या दिवशीं लिहावें. दळण, दुधाचा हिशेब असें एक काम सर्वस्वीं त्याचेंच असावें, आणि तें चुकलें तरी दुसऱ्यानें हिसकावून घेऊं नये.

मिळकतीच्या वाटणीचा प्रश्न मात्र आईबापांच्या हयातींतच सोडवावा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वयें अठरा वर्षांवरील स्वमग्नास पालक नेमण्याचा अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करतां येतो. नेमलेल्या पालकानें सहा महिन्यांत त्याच्या मिळकतीची यादी समितीस द्यावयाची असते, आणि पुढें दरवर्षीं हिशेब.