खेळाडू कोणाचा ?

१९८८ सालीं मुंबईंत जन्मलेला एजाज पटेल आठव्या वर्षीं आईबापांबरोबर न्यूझीलंडला गेला, तेथेंच वाढला आणि डिसेंबर २०२१ मध्यें त्याच देशाचा गोलंदाज म्हणून वानखेडे मैदानावर उतरला. ११९ धावांत भारताचे दहाही गडी त्यानें बाद केले. कसोटी सामन्याच्या एका डावांत हा पराक्रम त्यापूर्वीं केवळ लेकर (१९५६) व कुंबळे (१९९९) यांनाच साधला होता. त्याच्या जन्मगांवानें टाळ्या वाजविल्या, हें योग्यच झालें. परंतु ‘अखेर तो आपलाच’ असा जो सूर निघाला, त्याशीं आमचा उभा दावा आहे. परदेशाचें नागरिकत्व स्वेच्छेनें पत्करणाराचें नांव १९५५ च्या कायद्यानें आपण आपल्या वहींतून खोडतों. आणि त्यानें नांव काढलें कीं त्याच्या रक्तावर मात्र हक्क सांगतों!

हा मोह निरुपद्रवी आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं जर्मनीकडे पाहावें. मेसुत ओझिल जन्मला गेल्सेनकिर्शेन येथें. त्याचें घराणें मूळचें तुर्कस्थानांतलें. तुर्की नागरिकत्व सोडून तो जर्मनीकडून खेळला व २०१४ चा फुटबॉलचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघांत होता. तोंवर त्याच्या वंशाचें कौतुकच चाललें होतें. मे २०१८ मध्यें त्यानें तुर्की अध्यक्ष एर्दोगान यांच्यासमवेत छायाचित्र काढून घेतलें, आणि पुढच्याच महिन्यांत जर्मनीचा संघ विश्वचषकाच्या पहिल्या फेरींतच गारद झाला. तें छायाचित्र आम्हांसही रुचलें नव्हतें. एका नागरिकाच्या कृत्यावर दुसऱ्यानें खुशाल टीका करावी. पण येथें टीका कृत्यावरून घसरली ती थेट कुळावर गेली. जिंकलों कीं आपण जर्मन आणि हरलों कीं उपरे, असें म्हणून जुलैंत त्यानें संघ सोडला. पोलंडांत जन्मलेल्या क्लोजे व पोडोल्स्की यांस कोणी पोलिश जर्मन कां म्हणत नाहीं, हाहि त्याचा सवाल होता. त्याचें सरळ उत्तर आमच्या वाचण्यांत आलेलें नाहीं.

खेळाडू ज्या देशाकडून उतरतो त्याचा तो नागरिक असावा, एवढेंच ऑलिंपिकची सनद पाहते. आजोबांचें गांव ती विचारीत नाहीं. ओझिलसाठीं हळहळणाऱ्या आमच्या सुशिक्षित मित्रांस एजाजच्या बाबतींत मात्र तें गांव नेमकें आठवतें. नोव्हेंबर २०२४ मध्यें त्याच वानखेडेवर त्यानें अकरा गडी बाद केले, न्यूझीलंडनें सामना २५ धावांनीं व मालिका ३–० अशी जिंकली. तेव्हां ‘आपलाच’ म्हणण्याचा तो उत्साह आम्हांस बराच ओसरलेला दिसला.